पोचपावती

माझी आई चौतीस वर्षं एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसली. आलेल्या कागदावर शिक्का, वहीत क्रमांक आणि पाठवणाऱ्याला पोच, हे तिचं काम. निवृत्त झाल्यावर टेबल सुटलं, सवय सुटली नाही. ताईने लग्नानंतर पहिल्या पगारातून आईला शाल पाठवली, तर चौथ्या दिवशी ताईच्या घरी टपालाने कार्ड पोचलं: 'शाल एक, रंग निळा, सुस्थितीत मिळाली. आभारी आहे.' ताई ते वाचून रडली. प्रेमाने रडली की रागाने, हे तिचं तिलाही अजून ठरवता आलेलं नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि ऐन वेळी मी ते विसरलो. पुढचं जे काही झालं ते या एका विसरण्यामुळे.

डॉक्टरांनी आईच्या छातीतल्या गाठीचं नाव सांगितलं तेव्हा आम्ही दोघंच होतो. आधी ऑपरेशन, मग तीन-तीन आठवड्यांनी आठ डोस. आईने सगळं नीट ऐकून घेतलं, दोन तारखा पुन्हा विचारून घेतल्या आणि बाहेरच्या बाकावर बसून फाइलची नाडी बांधली.

"ऑपरेशन माझ्या पैशातून होईल," ती म्हणाली. "थोडे उरतील, ते तुम्हा दोघांना. डोसबिस मी घेणार नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे नाही. तुझ्या खिशातून मी जगणार नाही. मुलांना विकून खाणाऱ्या आया मी पाहिल्यात."

आईचं 'नाही' म्हणजे शिक्का मारलेलं 'नाही'. वडील गेल्यावर तिने मामाकडून एक पैसा घेतला नव्हता, आणि मामा तर तिच्या पाठचा. मी समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे आग विझवायच्या सूचना लावलेल्या होत्या. त्यातली पहिली सूचना होती, घाबरू नका.

"आमच्या कंपनीत योजना आहे ना," मी म्हटलं. "कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांसाठी."

"कसली योजना?"

"मातापिता आरोग्य योजना. सगळे डोस त्यात बसतात."

"चालवतं कोण?"

इथे मी एखाद्या विमा कंपनीचं नाव घेतलं असतं तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. विमा कंपनीला जगात कोणी आभाराचं पत्र लिहीत नाही. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मालक स्वतः."

आता मालकांबद्दल सांगायला हवं. आमचा कारखाना औषधांची खोकी बनवतो. औषधं नाही, नुसती खोकी. पुठ्ठा येतो, त्यावर छापतात, कापतात, घड्या पाडतात, गोंद लावतात. मी छपाई तपासतो. मुंगीएवढ्या अक्षरातली चूक मला हातभर अंतरावरून दिसते, आणि पगार मिळतो तोही साधारण त्याच आकाराचा. पगाराची चिठ्ठीसुद्धा चुकीच्या छापलेल्या खोक्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मिळते. एकदा आईने ती उलटून पाहिली होती. पुढे खोकल्याच्या औषधाचं अर्धवट नाव, मागे माझा पगार. "चिक्कू दिसतो तुझा मालक," ती तेव्हा म्हणाली होती. बरोबर म्हणाली होती. हा माणूस जेवायच्या सुट्टीत स्वतः फिरून दिवे बंद करतो, आणि आम्ही खिडकीच्या उजेडात डबे खातो.

तर त्या माणसाच्या औदार्यावर माझ्या आईचे उपचार सुरू झाले.

ऑपरेशन पार पडलं. पहिला डोस माझ्या साठवलेल्या पैशातून गेला, दुसऱ्याला ताईने हात दिला. तिसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी दोन औषधं समोर ठेवली. साधं औषधही काम करतंच, पण महागातलं घेतलं तर बोटं कमी बधिर होतात. आईने आपल्या बोटांकडे बघितलं. चौतीस वर्षं त्यांनी सुंदर अक्षर काढलं होतं. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"योजनेत बसतं का?"

"बसतं," मी म्हटलं.

महागातलं औषध योजनेत बसलं आणि माझी स्कूटर योजनेतून बाहेर पडली. दारातली मोकळी जागा दिसल्यावर आईने विचारलंच. मी म्हटलं, कंपनीने मागितली, माल पोचवायला लागते.

"दिलीस ना?" आई म्हणाली. "एवढं तरी कर बाबा त्यांच्यासाठी."

मी दुसऱ्या एका छापखान्यात रविवारी जायला लागलो, हँडबिलं आणि दिनदर्शिका तपासायला. घरी सांगितलं, जादा काम आहे. आई तेव्हा पलंगावर पडून होती, तोंडाला चव नव्हती, डोक्याला रुमाल होता. तशातही तिने मान हलवली. "रविवारी बोलावलं म्हणून तोंड वाकडं करू नकोस. कोणाचं मीठ खातोयस ते लक्षात ठेव." मी डोळे चोळत चपला घातल्या. खरं सांगतो, त्या दिवशी मला आईचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. दोन्ही घेऊन मी बसमध्ये बसलो.

तिसरा डोस झाल्यावर आठवड्याने मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तीन पत्रं शेजारी-शेजारी मांडलेली होती. अक्षर मी दारातूनच ओळखलं.

आईने पत्ता कंपनीच्या दिनदर्शिकेवरून घेतला होता. टपालपेटी आमच्या इमारतीच्या दाराशीच आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधून मी पोट भरतो, आणि माझ्या नाकाखालून तीन पत्रं गेली.

मालकांनी चष्मा लावला आणि एक पत्र मोठ्याने वाचलं. "'डोस क्रमांक दोन, आपल्या योजनेतून मिळाला. उलट्या चार, ताप नाही. आपल्यासारखी माणसं आहेत म्हणून माझ्यासारखीला मुलाच्या संसारावर ओझं न होता जगता येतं. कळावे, पोच द्यावी.'" त्यांनी पत्र खाली ठेवलं. "हे मी केलंय?"

मी सगळं खरं सांगितलं. आईची अट, बाक, भिंत, माझी थाप. नोकरी गेली हे मी धरूनच चाललो होतो. नोकरी गेली की पुढचे पाच डोस गेले. मी मनात स्कूटरनंतर काय विकता येईल याचा हिशेब मांडत होतो आणि काहीच आठवत नव्हतं.

मालकांनी तिन्ही पत्रं पुन्हा एकेक करून उलटून पाहिली. त्यांच्याकडे येणारी पत्रं मी पाहिली आहेत: माल उशिरा आला, रंग फिका आला, वकिलाची नोटीस सोबत जोडली आहे. आभाराचं पत्र त्या टेबलावर बहुधा पहिल्यांदाच आलं असावं.

"अक्षर काय आहे रे," ते शेवटी म्हणाले. "एक खाडाखोड नाही." पत्रांच्या घड्या जशा होत्या तशा घालून त्यांनी ती खणात ठेवली. "चालू दे. त्यांना काही सांगू नकोस. आजारी माणसाला धक्का बसायला नको."

माझा जीव भांड्यात पडला. माणूस वरून कसाही असो, आत ओलावा आहे, असं मला वाटलं. त्या ओलाव्याच्या भरात मी विचारलं, "साहेब, दोन पगार आगाऊ मिळाले तर पुढच्या डोसचं बघता येईल."

मालकांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला.

"अरे," ते म्हणाले, "आणखी?"

त्या 'आणखी'ने मी गार पडलो. तेव्हा ती थट्टा असेल असं वाटलं होतं. ती थट्टा नव्हती. नंतरच्या दोन महिन्यांत मी डोळ्यांनी बघत गेलो, माणूस हळूहळू स्वतःवर विश्वास ठेवायला लागला. चौथं पत्र आलं ते त्यांनी हिशेबनिसाला वाचून दाखवलं. पाचवं काचेच्या चौकटीत घालून बाहेर, गिऱ्हाइकं बसतात तिथे, लावलं. औषध कंपनीचा खरेदी अधिकारी आला की त्याला चौकटीसमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "आम्ही बोलत नाही कुठे. पण आपल्या माणसांचं बघावं लागतं." आणि मी प्रूफं घेऊन समोरून गेलो तर, "हाच तो मुलगा." अधिकारी माझ्याकडे बघायचा, मी हसायचो. पगारवाढीच्या यादीत त्या वर्षी माझं नाव नव्हतं. हिशेबनीस समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुझं एवढं केल्यावर लगेच वाढ दिली तर बाकीचे काय म्हणतील?"

मी ताईला फोन करून सांगितलं. ती खूप हसली. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "मी पाठवते त्याचीही पोच त्यालाच जाते का रे?"

"त्यालाच."

"बरं," ताई म्हणाली. "आई घेतेय ना डोस? मग जाऊ दे त्यालाच."

सहाव्या डोसच्या आधी मालक आमच्या घरी आले, चार सफरचंदं घेऊन. आईने ठेवणीतले कपडे घातले होते, डोक्याला नवा रुमाल होता. खिडकीजवळची चांगली खुर्ची त्यांना दिली. मी चहा केला आणि ट्रे धरून उभा राहिलो, कारण घरात तिसरी खुर्ची नव्हती. ती पाचव्या डोसात गेली होती.

"तब्येतीला जपा," मालक म्हणाले. "खर्चाची चिंता अजिबात करायची नाही."

"तुमच्यामुळे नाहीच करत," आई म्हणाली. "तुम्ही नसतात तर मी ऑपरेशनवरच थांबले असते. याला सांगितलंच होतं तसं."

मालकांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पाणी खोटं नव्हतं. मला त्या माणसाचा संताप यायला हवा होता. पण आई त्या खुर्चीसमोर ताठ बसली होती, कोणाचं ओझं न झालेल्या बाईसारखी, आणि तीन महिन्यांत ती तशी बसलेली मी पाहिली नव्हती. मी चहा पुढे केला. मालकांनी साखर मागितली.

आमच्याकडे गोंदाच्या टेबलावर एक बाई आहेत. त्यांना सगळे गोंदमावशी म्हणतात. त्यांच्या नवऱ्याला घशात गाठ निघाली. मावशींनी चौकटीतलं पत्र येता-जाता वाचलेलं होतं. त्या सरळ उठल्या, हाताचा गोंद पुसत केबिनमध्ये गेल्या आणि खरेदी अधिकारी समोर बसलेला असताना म्हणाल्या, "साहेब, माझ्या माणसालाही योजनेत घ्या."

हे आम्ही सगळ्यांनी केबिनच्या काचेतून पाहिलं आणि उघड्या दारातून ऐकलं. मालकांनी मावशींकडे बघितलं, अधिकाऱ्याकडे बघितलं, मग चौकटीकडे बघितलं. अधिकारी म्हणाला, "अरे वा, म्हणजे सगळ्यांना आहे ही सोय?" मालकांनी टेबलावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

"अर्थात," ते म्हणाले.

अशा रीतीने मातापिता आरोग्य योजना जन्माला आली आणि जन्मतःच तिच्यात नवरेही आले. नियम लिहायला मला बोलावलं. नाव मीच ठेवलं होतं, बारसं झालंच होतं, आता पालनपोषण करायचं. मालक सांगत गेले, मी लिहीत गेलो. दरमहा प्रत्येकाच्या पगारातून ठरावीक कपात, तेवढीच भर कंपनीची. एका घराला एकदाच लाभ. मग ते जरा अडखळले.

"पाचवा नियम लिही. ज्यांनी यापूर्वी लाभ घेतला आहे, त्यांना पुन्हा मिळणार नाही."

मी पेन थांबवलं. "साहेब, असा लाभ घेतलेला मी एकटाच आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी प्रामाणिक होता. "नाहीतर लोक म्हणतील, तू माझ्या जवळचा."

मी लिहिलं. तपासलं. त्यात एकही चूक नव्हती. त्या महिन्यापासून माझ्या पगारातूनही कपात सुरू झाली. गोंदमावशींच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं, आणि ते घोगऱ्या आवाजात पहिल्यांदा बोलले त्या दिवशी मावशींनी सगळ्या कारखान्याला चहा पाजला. मला मनापासून आनंद झाला. चहा पिताना डोळे मात्र चुरचुरले, आणि मी ते गोंदाच्या वासावर ढकललं.

शेवटचे दोन डोस कसे झाले ते मी सांगत बसत नाही. ताईच्या बांगड्या, माझे सगळे रविवार, आणि घरातल्या वस्तूंबद्दल रोज एक नवीन थाप. कपाट दुरुस्तीला दिलंय, पंखा कंपनीच्या पाहुण्यांसाठी नेलाय. कंपनीचं नाव घेतलं की आई पुढे विचारायची नाही. आठवा डोस झाला. महिन्याने तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, "सध्या तरी सगळं स्वच्छ आहे." आईने त्यांनाही विचारलं, हे लेखी मिळेल का.

घरी आल्यावर तिने टेबलाशी बसून पत्र लिहायला घेतलं. बोटं बधिर झाली नव्हती. स्कूटर वाया गेली नाही, असं मला वाटलं. पत्र पुरं झाल्यावर तिने ते पाकिटात घातलं, आणि सोबत एक चेक.

"हा कसला?"

"माझे ऑपरेशननंतर उरलेले. योजनेला देतेय."

मी खुर्चीची पाठ धरली. त्या रकमेत स्कूटर परत आली असती, पंखा आला असता आणि ताईच्या निम्म्या बांगड्या सुटल्या असत्या. सहाव्या डोसला मी त्याच पैशांकडे डोळे लावून बसलो होतो आणि मागायची सोय नव्हती.

"ते तर आम्हा दोघांना ठेवणार होतीस ना," मी कसंबसं म्हटलं.

"होते. पण तू कमावतोस, ताईचं बरं चाललंय. तुम्हाला काय कमी पडलंय?" मग ती जरा थांबली आणि माझ्या हातावर हात ठेवला. "एक सांगू? दवाखान्यात शेजारच्या बायका म्हणायच्या, पोरांना कर्जात घातलं आपण. रडायच्या बिचाऱ्या. मी मनात म्हणायचे, माझ्या पोराच्या खिशाला मी हात लावला नाही. उलट्या होऊन होऊन नको व्हायचं ना, तेव्हा मी तेवढंच म्हणत बसायचे. त्याच्यावर आठ काढले मी."

माझ्या ओठांपर्यंत सगळं आलं होतं. आठ महिन्यांत एकदा तरी तिने मला म्हणावं, तू केलंस, एवढीच माझी इच्छा होती. मी ती गिळली. घशातून उतरायला ती बरीच मोठी होती.

"हातोहात दे," आई म्हणाली. "आणि पावती आण."

मालकांनी पाकीट उघडलं. पत्र वाचलं. मग चेक बघितला, आणि बघतच राहिले. त्या दिवशी केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. त्यांना सगळं आठवत होतं हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. मान वर येत नव्हती.

"घ्यायचा का रे?" त्यांनी हळू विचारलं.

खरं उत्तर मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. पण तो चेक मी घरी घेऊन गेलो असतो तर आईने कारण विचारलं असतं, आणि तिचे आठही डोस तिला परत ओकावे लागले असते.

"घ्या," मी म्हटलं. "पावती मात्र आत्ताच द्या. आई वाट बघतेय."

मालकांनी खण उघडला, कागद काढला, लिहिलं, शिक्का मारला. मी जाताना ते काहीतरी म्हणाले. बहुतेक माझं नाव घेतलं. मी वळून बघितलं नाही.

संध्याकाळी आई दारातच उभी होती. पावती तिने उजेडात धरून वाचली, रक्कम, तारीख, सही. मग सवयीने उलटून पाहिली. मागे गोळ्यांच्या खोक्याची चुकलेली छपाई होती, निम्मं नाव आणि तिरपी रेघ. आई बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

"बघ," ती म्हणाली, "किती काटकसर. स्वतःसाठी कागदसुद्धा विकत घेत नाही हा माणूस, आणि दुसऱ्याच्या आईसाठी एवढं करतो. शीक जरा."

"हो," मी म्हटलं.

तिने फाइल काढली, पावतीला क्रमांक दिला आणि नाडी बांधून टाकली. मग तिने मला विचारलं की पंखा पाहुण्यांकडून कधी परत येणार आहे, कारण आता उकडायला लागलं होतं.